परतीची गाडी आधी छापा : नगररचना परिषदांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरात नगररचना व शहर नियोजनावर परिषदा भरवणाऱ्या संस्था, महाविद्यालये आणि संयोजक मंडळी

विषय : पाहुण्यांसाठी काढल्या जाणाऱ्या माहितीपत्रकाबाबत

स. न. वि. वि.

परिषदेच्या आमंत्रणासोबत तीन-चार पानांचं माहितीपत्रक येतं. विमानतळावरून कसं यायचं, कोणत्या हॉटेलात सवलत आहे, गळ्यातला बिल्ला कुठे मिळेल आणि संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम किती वाजता, हे सगळं त्यात असतं. परिषदेचा विषय मात्र ‘लोकसहभागातून नियोजन’. ज्यांचा सहभाग हवा ती माणसं भिवापूर, कुरखेडा, आर्णी, धारणीकडून येणार. त्यांना विमानतळाशी काय करायचं? त्यांना एवढंच कळायला हवं असतं, की सभागृहातून किती वाजता उठलो तर रात्री घरी पोचू. नेमकं तेच त्या पत्रकात नसतं.

हे पत्रक किरकोळ काम समजून शेवटच्या आठवड्यात एखाद्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारलं जातं. परिषदेला कोण येणार आणि कोण येऊ शकणार नाही, हे मात्र भाषणांच्या आधी तिथेच ठरून जातं. म्हणून ते कसं असावं याचा तपशील इथे देत आहोत. आम्ही ग्रामपंचायती-नगरपंचायतींत काम करणारी माणसं आहोत. विकास योजनांचे (कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या आराखड्यांचे) नकाशे, हरकती आणि सुनावण्या हे आमचं रोजचं काम आहे.

सुरुवात मुक्कामी गाडीपासून करा. एसटीची जी बस संध्याकाळी तालुक्याहून गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळची पहिली फेरी म्हणून परत निघते, ती मुक्कामी गाडी. रस्त्याच्या टोकाला असलेल्या बऱ्याच गावांना दिवसभरात भरवशाची तीच एक. ती तालुक्याहून संध्याकाळी साडेसहाला सुटते असं धरा. तालुका नागपूरपासून सव्वाशे किलोमीटर, एसटीला तीन तास. म्हणजे गणेशपेठ बसस्थानकावरून तीनची बस पकडायला हवी. सभागृह शहराच्या टोकाला असेल तर दोनलाच उठावं लागतं.

आता तुमचा कार्यक्रम बघा. उद्घाटन अकराला. दीपप्रज्वलन, स्वागत, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक करता करता साडेबारा वाजतात. बीजभाषण जेवणापर्यंत. जेवणानंतर तज्ज्ञांची दोन सत्रं. ‘खुली चर्चा व नागरिकांचे प्रश्न’ साडेचार ते साडेपाच. ज्या सत्रासाठी खेड्यातला माणूस बोलावला, त्या वेळी तो एसटीत बसून उमरेड ओलांडत असतो. मग अहवालात छापून येतं, की ग्रामीण प्रतिनिधींचा प्रतिसाद अल्प होता.

उपाय फार सोपा आहे, फक्त मान थोडी खाली घालावी लागते. साडेदहा ते साडेबारा गावकऱ्यांचं सत्र ठेवा. तज्ज्ञांनी ते ऐकून घ्यावं आणि जेवणानंतर त्यावर बोलावं. उद्घाटन वगळलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. दोन दिवसांची परिषद असेल आणि राहण्याची सोय तुमच्याकडून असेल, तर हा प्रश्न पहिल्या दिवशी येत नाही. दुसऱ्या दिवशी येतोच.

माहितीपत्रकाचं पहिलं पान म्हणजे गाड्यांचा तक्ता. नावनोंदणीतून तालुक्यांची यादी काढा आणि प्रत्येक तालुक्यासमोर चार रकाने करा : सकाळची पहिली गाडी नागपुरात किती वाजता पोचते, नागपूरहून परतीची शेवटची कधी, तालुक्याहून गावाकडची शेवटची कधी, आणि ती चुकली तर काय. हा तक्ता मोबाइलवर शोधून होत नाही. त्या-त्या आगाराच्या चौकशी खिडकीवर फोन करून, परिषदेच्या आठ दिवस आधी पुन्हा एकदा पडताळून घ्यावा लागतो. ग्रामीण भागातल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या पोरापोरींसाठी चालतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बंद होतात, आणि वेळापत्रकात छापलेली बस फलाटावर लागतच नाही. चौथ्या रकान्यात ‘काळीपिवळी’ (सवारी नेणारी भाड्याची जीप) लिहायला लाजू नका. मात्र ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंधार पडल्यावर मिळेलच असं नाही, हेही लिहा.

रेल्वेचं सांगताना नकाशावरच्या जुन्या रेघांवर जाऊ नका. नागपूर–नागभीड ही अरुंद रुळांवरची छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. गडचिरोली जिल्ह्याला जवळ म्हणून वडसा स्टेशन सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण वडशाहून भामरागड किंवा सिरोंचा म्हणजे पुन्हा एक अख्खा प्रवास. यवतमाळ शहराला आज गाडी नाही. शकुंतला ही तिथली जुनी छोटी गाडी थांबलेली आहे, आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब एवढाच तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हा यवतमाळच्या पाहुण्याला ‘वर्धा किंवा धामणगावला उतरून’ असं सांगा, नाहीतर सरळ एसटी सांगा. नागपूरजवळ आलेली गाडी आउटरला उभी राहिली तर अर्धा-पाऊण तास कुठे जातो कळत नाही. गाडी पोचण्याची छापील वेळ आणि पहिलं सत्र यांत किमान दीड तास असू द्या.

समृद्धी महामार्गाचा उल्लेख हल्ली प्रत्येक पत्रकात अभिमानाने असतो. त्याच्या खाली एक ओळ घाला : दुचाकी आणि तीनचाकीला प्रवेश नाही. वर्धा जिल्ह्यातला कास्तकार मोटारसायकलने निघतो, तुमच्या नकाशावर विसंबून येळाकेळीच्या नाक्यावर जातो आणि तिथून परत फिरतो. त्याच्यासाठी जुना वर्धा रस्ताच छापा, आणि सभागृहाशी दुचाकी लावायला सावलीची जागा ठेवा. उन्हात चार तास तापलेल्या सीटवर बसून ऐंशी किलोमीटर परत जायचं असतं.

नागपुरात उतरल्यावरची दिशा तीन ठिकाणांपासून द्या : रेल्वे स्टेशन, गणेशपेठ बसस्थानक, आणि सीताबर्डीचं मोरभवन बसस्थानक. मेट्रो सोयीची आहे, पण ती एकच रेघ नाही हे लिहा. खापरी–ऑटोमोटिव्ह चौक ही एक मार्गिका, प्रजापतीनगर–लोकमान्यनगर ही दुसरी, आणि गाडी बदलायची ती सीताबर्डीला. सभागृह हिंगणा रस्त्याला असेल तर लोकमान्यनगरकडची गाडी, मिहानकडे असेल तर खापरीकडची. मेट्रो स्थानकापासून सभागृहापर्यंतचं अंतर ‘पाच मिनिटं’ असं न लिहिता मीटरमध्ये लिहा आणि ऑटोचे किती रुपये होतात तेही लिहा. भाव माहीत नसलेल्या माणसाला चौकात उभं राहून घासाघीस करायला लावणं बरं नव्हे.

सिरोंचा, बुलढाण्याकडची माणसं रात्रीच्या गाडीने येतात आणि पहाटे चार-पाचला उतरतात. सभागृह उघडतं साडेनऊला. मधले पाच तास ती कुठे बसतील, याचं उत्तर पत्रकात असायला हवं. पहाटे चारपासून एक खोली उघडी ठेवा. तिथे आंघोळीची सोय, सतरंज्या आणि मोबाइल लावायला एक बोर्ड पुरे. बायकांसाठी खोली वेगळी, आतून कडी लागणारी. तिथे एक माणूस बसवा आणि त्याचा फोन नंबर पहिल्या पानावर छापा. ज्यांच्याकडे रेल्वेचं पक्कं तिकीट आहे, त्यांना स्टेशनवरची विश्रामकक्षाची खोली पीएनआरवर घेता येते हे अनेकांना ठाऊक नसतं, तेही सांगा.

तारीख ठरवतानाच अर्धी लढाई असते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. तेव्हा आमदार निवासात खोली मिळायची आशा सोडा, साध्या लॉजचे दरही चढतात, आणि सिव्हिल लाइन्स–सीताबर्डीचे रस्ते मोर्च्यांसाठी अडवलेले असतात. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. पोळ्याला कोणी गाव सोडत नाही. जुलै-ऑगस्टात पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात रोवणी, ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी, त्याला लागून कापसाची वेचणी. जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिल मोहफुलांचा आणि मे तेंदूपत्त्याचा. त्या दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवून परिषदेला या म्हणणं अन्याय आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा. त्यांच्या आगेमागे दोन दिवस सोडा. मार्चअखेर वसुली आणि हिशेब. एवढं सगळं वगळल्यावर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य उरतो. हवाही तेव्हाच बरी असते.

आणि वार? तुम्हाला शनिवार-रविवार सोयीचा, कारण शहरातल्या नोकरदारांना सुट्टी असते. आम्हाला कामाचा दिवस हवा. नागपूरला जायचंच आहे तर विभागीय आयुक्तालयात किंवा नगररचनेच्या कार्यालयात अडकलेली फाइल बघून येऊ, असा हिशेब करूनच माणूस निघतो. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून शनिवारीही कार्यालयं बंद असतात. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांना हा फायदा नाही, त्यांची कचेरी अमरावतीत आहे. पण पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांसाठी मंगळवार किंवा बुधवार धरा. सकाळी वेळेवर सत्र सुरू झालं आणि तीनला संपलं, तर मुक्काम करणाऱ्यांची दोन्ही कामं होतात.

आता नावनोंदणी. ई-मेल सक्तीचा आणि ओटीपी आल्याशिवाय पुढे न जाणारा ऑनलाइन अर्ज म्हणजे गावांसाठी बंद दार. ओटीपी येतो तोवर रेंज जाते. एक फोन नंबर द्या, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत उचलला जाणारा. अर्जात ‘संस्था’ या रकान्यापुढे ग्रामपंचायत आणि नगरपंचायत हे दोनच पर्याय ठेवू नका, ‘ग्रामसभा’ हाही हवा. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या भागात, टोल्या-पाड्याची स्वतःची ग्रामसभा असते आणि तिचे कारभारी म्हणजे सरपंच नव्हेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो ग्रामसभेच्या बळावर. अशा गावातून येणाऱ्या माणसाला ‘इतर’ या रकान्यात बसवू नका.

शुल्क ठेवायचंच असेल तर ग्रामपंचायतीचा पैसा कसा निघतो ते आधी समजून घ्या. खर्चाला मासिक सभेचा ठराव लागतो आणि मासिक सभा महिन्यातून एकदा. तुमचं पत्र सभेनंतर दोन दिवसांनी आलं तर विषय पुढच्या महिन्यात जातो. म्हणून आमंत्रण किमान ४५ दिवस आधी, मराठीत, जावक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह, कागदावर. ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक), अभियंता किंवा मुख्याधिकाऱ्यांना यायचं असेल तर त्याची प्रत गटविकास अधिकारी वा जिल्हाधिकारी कार्यालयाला वेगळी. व्हॉट्सअॅपवरच्या सुंदर रंगीत पोस्टरवर कोणाची कर्तव्यरजा मंजूर होत नाही. परिषद संपताना उपस्थिती प्रमाणपत्र हातात द्या, ‘मेलवर पाठवू’ नको. त्याशिवाय प्रवासबिल पुढे सरकत नाही.

प्रवासखर्च देणार असाल तर त्याच दिवशी रोख द्या. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. तेव्हा सरसकट एक आकडा ठेवण्यापेक्षा तिकीट बघून द्या. बसचं तिकीट थर्मल कागदावर असतं. उन्हात खिशात ठेवलं की काळं पडतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अक्षरं उडतात. नोंदणीच्या टेबलावरच त्याचा फोटो किंवा झेरॉक्स घ्या. काळीपिवळीवाला तिकीट देत नाही, तिथे साध्या कागदावरची स्वघोषणा मान्य करा. चाळीस रुपयांसाठी तिकीट मागून सरपंचबाईंना अडवण्यात कसली आली पारदर्शकता!

सरपंचबाईंचा विषय निघालाच आहे तर : बिल्ला निवडून आलेल्या सदस्याच्या नावानेच काढा. राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत, पण परिषदेच्या खुर्चीवर बरेचदा त्यांचे यजमान असतात. पत्नीच्या नावाचा बिल्ला यजमानांच्या गळ्यात घालू नका. त्याचबरोबर तिला येता यावं म्हणून एका सोबतिणीचा खर्च आणि तान्ह्या मुलासाठी एक शांत खोली ठेवा. सोबत असेल तर यजमान घरी राहतात, असा साधारण अनुभव आहे.

खाण्याचं थोडक्यात. पहाटे पाचला निघालेला माणूस दहाला उपाशी पोचतो, त्याला चहा-बिस्किटावर बसवू नका. दोनशे जणांना पंधरा किलो पोहे पुरतात. वर चण्याची तर्री असली की नागपूरला आल्यासारखं वाटतं. पाणी उन्हाळ्यात माणशी तीन लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे तीस जार. निघणाऱ्यांच्या हातात पोळीभाजीची पुडी द्या. घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात.

सभागृहात कूलर लावणार असाल तर समोरासमोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर फक्त ओल वाढवतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर त्याचा काही उपयोगच नाही. चार मोठे कूलर घुमायला लागले की मागच्या रांगेला वक्ता ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याकडे फिरता माइक हवाच. गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी बोलणारे प्रतिनिधी येणार असतील तर दुभाष्या एक नको, दोन हवेत. कानाशी लागून सलग बोलणारा माणूस वीस-पंचवीस मिनिटांनी थकतो आणि मग अर्धंच सांगायला लागतो. पडद्यावरचा मजकूर मराठीत असावा हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

यापुढचं नकाशांबद्दल आहे, आणि इथे जरा थांबून वाचा. विकास योजनेचा मोठा नकाशा तुम्ही पीडीएफ करून पत्रकासोबत पाठवता. गावात त्याची छपाई होते तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, ए-४ कागदावर. ए-० कागद ए-४ वर आणला की प्रत्येक लांबी चौथाई होते. १:५००० चा नकाशा १:२०,००० चा होतो. मूळ नकाशावर १२ मीटर रुंदीचा रस्ता २.४ मिलिमीटर जाडीचा होता, तो झाला ०.६, पेनच्या रेघेएवढा. एक एकराचं चौकोनी वावर सव्वातीन मिलिमीटरचं ठिपकं. त्यावर आरक्षणाचा, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनीचा, क्रमांक वाचणार कोण? वरून काळी-पांढरी प्रत. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, निळी रेघ सगळं एकाच राखी रंगात. आणि नकाशाच्या कोपऱ्यात १:५००० हे आकडे तसेच छापलेले, म्हणजे पट्टी लावून मोजणारा नेमका फसतो. तेव्हा नकाशाखाली आकड्याऐवजी किंवा आकड्यासोबत रेखाप्रमाण, म्हणजे मीटरच्या खुणा केलेली रेघ, द्या. कागद लहान झाला की तेही त्याच मापात लहान होतं आणि मोजमाप चुकत नाही. रंगांसोबत आडव्या, तिरप्या रेघांच्या छटा वापरा. प्रत्येक गावाचा भाग वेगळा कापून, मूळ प्रमाणात, ए-३ वर छापून परिषदेत द्या. त्यावर गट क्रमांक, पांदण, नाला आणि गावठाणाची हद्द ठळक हवी. सभागृहात एक मूळ आकाराची प्रत टेबलावर आडवी पसरा. भिंतीवर टांगली की खालचा निम्माच भाग लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. टेबलाभोवती माणसं गोळा होतात, बोट ठेवतात, आणि चर्चा सुरू होते.

येणाऱ्यांनी सोबत काय आणावं, हेही पत्रकात हवं. सातबारा आणि आठ-अ, तीन महिन्यांच्या आतले. गावठाणात घर असेल तर नमुना ८ चा उतारा, आणि ड्रोन मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक. गाव नकाशा. जमीन विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत येत असेल तर भाग नकाशा आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा). आरक्षण पडलं असेल तर त्याचा क्रमांक, योजना कोणत्या तारखेच्या राजपत्रात आली ती तारीख, आणि हरकत दिली असेल तर तिची शिक्क्याची पोच. तारखेचा आग्रह कशासाठी? सगळा कायदा तारखेवर चालतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध झाली, की हरकतीला सहसा ३० दिवस. अंतिम योजना लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ ची नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. राजपत्राची तारीख माहीत नसलेल्या माणसाशी तुमचा सर्वांत हुशार तज्ज्ञही अर्धा तास हवेत बोलतो.

या कागदांसाठी परिषदेत एक टेबल ठेवा, भाषणांपेक्षा तेच जास्त चालेल. माणशी पंधरा मिनिटं, एक नगररचनाकार, एक वकील, एक भूमी अभिलेखातला निवृत्त माणूस. तिसरा विसरू नका. गट क्रमांक आणि जुना खसरा क्रमांक जुळवायचं काम पहिल्या दोघांना सहसा येत नाही. सल्ला कागदावर लिहून द्या, कोणत्या कलमाखाली आणि कुठे अर्ज करायचा ते नाव-पत्त्यासह. तोंडी सल्ला गावी पोचेपर्यंत अर्धा होतो.

शहर नियोजनाच्या परिषदेत खेड्यांचं काय काम, असं तुमच्यातल्या काहींना अजून वाटतं. तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती २०१४-१५ च्या सुमारास नगरपंचायती झाल्या. एका रात्रीत गाव शहर झालं : सतरा नगरसेवक आले, ग्रामसभा गेली, रोजगार हमीची कामं ग्रामीण भागापुरती म्हणून थांबली, घरकुलाची यादी एका योजनेतून दुसरीत गेली. वावरं मात्र तिथेच आहेत आणि बैलबंडी त्याच रस्त्याने जाते. नागपूर महानगर प्रदेशात तर सातशेवर गावं आहेत. त्यांच्या जमिनीवर रंग भरला जातो तो तुमच्या व्यवसायातल्या लोकांकडून. ती माणसं परिषदेत पाहुणी नाहीत, पक्षकार आहेत.

शेवटी क्षेत्रभेटीविषयी. दुसऱ्या दिवशी बस भरून गाव बघायला निघण्याची पद्धत चांगली आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी येऊ नका, गाव रिकामं असतं. किंवा मग बाजारच बघायला या. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा, त्यानंतर नाही. टोपी, दुपट्टा, पायात बूट. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मुक्काम असेल तर मच्छरदाणी. तिथला हिवताप खरा आहे. रोकड ठेवा. ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी आधी घ्या आणि ग्रामपंचायतीला कळवा. वरून काहीतरी मोजतंय म्हटलं की जमीन जाणार ही पहिली शंका येते, आणि ती फारशी चुकीची नसते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आलात तर मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, दाखवायला सांगा. पण नुसतं पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभं राहून फोटो काढून निघू नका. पाळीवरून आधी वर चाला, पाणी येतं कुठून ते बघा. शेतांमधून, रस्त्याकडेने येणारे हात-दोन हात रुंद पाट दिसतील. तुमच्या नकाशावर तलाव निळा दाखवलेला असतो, पाट नसतो, कारण तो गटांच्या बांधावरून जातो आणि वर्षातले आठ महिने कोरडा असतो. लेआउट पडतं, पाट बुजतो, दोन पावसाळ्यांत तलाव अर्धा भरायला लागतो आणि जे पाणी तलावात जायचं ते नव्या वस्तीत शिरतं. मग सांडव्याकडे जा. सांडव्याखालचा नाला अडवून कुठे भिंत घातली आहे का, ते बघा. त्यानंतर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागवा; या तलावाचं पाणी, गाळ, मासे, गुरांची वाट यांवर कोणाचा काय हक्क आहे ते गावाच्या या नोंदींत लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय ‘तलाव सुशोभीकरण’ या नावाने पेव्हर ब्लॉक आणि कठड्याचा आराखडा काढू नका. तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे आहे की नगरपंचायतीकडे, मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, ही दोन नावं माहितीपत्रकात आधीच छापा आणि त्या संस्थेचा एक माणूस भेटीच्या वेळी बोलवा. ढिवर (मासेमारी करणाऱ्या) बांधवांना न विचारता तलावावर आलेले अभ्यासक आम्ही पुष्कळ पाहिलेत.

जेवण गावातल्या बचत गटाला सांगा. माणसं किती ते तीन दिवस आधी पक्कं कळवा, निम्मे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले बसमध्ये चढण्याआधी. बचत गटाकडे जीएसटी क्रमांक नसतो. तुमच्या लेखा विभागाला साधी पावती चालते का, हे नागपूरहून निघण्याआधी विचारून ठेवा.

कळावे,

आपले,
विदर्भातील ग्रामपंचायती, नगरपंचायती व ग्रामसभांमध्ये काम करणारे काही जण